नकाशा वाचताना पडणारे प्रश्न: टोपोशीटपासून गाव नकाशापर्यंत

नकाशाबद्दल विचारणारे साधारण चार प्रकारचे लोक असतात: ट्रेकला जाणारे, नववी-दहावीच्या मुलांचे पालक, स्पर्धा परीक्षावाले आणि बांधावरून भावकीशी वाजलेले शेतकरी. चौघांचे प्रश्न वेगळे वाटतात, पण अडतात बहुतेक एकाच जागी. हातातला नकाशा कशासाठी काढलाय हे न बघताच त्याला प्रश्न विचारले जातात.

नकाशांचे प्रकार नेमके किती?

परीक्षेत जितके लिहायला सांगितलेत तितके. एरवी प्रकार मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण वर्गवारी दोन वेगवेगळ्या कसोट्यांवर होते आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली कसोटी प्रमाणाची: बृहत्प्रमाण नकाशा आणि लघुप्रमाण नकाशा. दुसरी हेतूची: प्राकृतिक, राजकीय, स्थलनिर्देशक (म्हणजे टोपोशीट, डोंगर, पाणी, रस्ते, वस्ती सगळं एकत्र दाखवणारा), भूमापनाचे गाव नकाशे, आणि पाऊस, लोकसंख्या, पिकं असा एकेक विषय दाखवणारे वितरणाचे नकाशे. एकच नकाशा दोन्हीकडे बसतो. गाव नकाशा हेतूने भूमापनाचा आणि प्रमाणाने बृहत्प्रमाण. ॲटलासमधला भारताच्या पावसाचा नकाशा हेतूने वितरणाचा आणि प्रमाणाने लघुप्रमाण.

बृहत्प्रमाण कुठला आणि लघुप्रमाण कुठला? दर वेळी उलटं होतं.

उलटं होतं कारण आपण नकाशात मावलेला प्रदेश बघतो. जगाचा नकाशा 'मोठा' वाटतो, म्हणून तो बृहत्प्रमाण असणार असं मन सांगतं. प्रमाण हा अपूर्णांक आहे, तो अपूर्णांकासारखाच वाचायचा. १/५,००० ही संख्या १/१०,००,००० पेक्षा मोठी, म्हणून १:५,००० चा गाव नकाशा बृहत्प्रमाण आणि १:१०,००,००० चा राज्याचा नकाशा लघुप्रमाण. तपशील भरपूर असेल तर बृहत्, प्रदेश भरपूर असेल तर लघु.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. प्रमाण दुप्पट केलं की कागद चौपट लागतो. १:५०,००० वर जे एका पानात मावतं, त्याला १:२५,००० वर चार पानं लागतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यासाठी 'जरा मोठा करून द्या' म्हणणाऱ्यांना हे झेरॉक्सच्या दुकानात कळतं.

शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण अशी तीन प्रमाणं कशाला?

'१ सेंटिमीटरला ५०० मीटर' हे शब्दप्रमाण. १:५०,००० हे अंकप्रमाण. दोन्हींचा अर्थ एकच. पट्टीसारखी आखलेली, भाग पाडलेली रेघ म्हणजे रेषाप्रमाण.

तिसरं सगळ्यात साधं दिसतं, पण कामाला तेच येतं. टोपोशीटची पीडीएफ उतरवून ए-फोर कागदावर छापली की प्रिंटर गुपचूप 'फिट टू पेज' करून टाकतो. नकाशा आक्रसतो, पण कोपऱ्यात १:५०,००० तसंच छापलेलं राहतं. त्या क्षणापासून शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण दोन्ही खोटी झाली. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आक्रसतं, म्हणून खरं राहतं. छापल्यावर पट्टी घेऊन रेषाप्रमाणावरचा एक किलोमीटर मोजून बघा. १:५०,००० ला तो बरोबर २ सेमी भरला पाहिजे. भरला नाही तर आकडा पेनाने खोडून टाका.

टोपोशीटवरचा '४७ एफ/१५' हा आकडा काय सांगतो?

पत्ता सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने (स्थापना १७६७, मुख्यालय डेहराडून) भारत आणि शेजारचा प्रदेश ४ अंश × ४ अंशांच्या चौकटींत विभागून प्रत्येकीला क्रमांक दिला. ४७ क्रमांकाची चौकट म्हणजे १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर सगळं हिच्यात येतं. या चौकटीचे एकेका अंशाचे १६ भाग, त्यांना ए ते पी अक्षरं. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा १६ तुकडे, त्यांना १ ते १६ आकडे. हा शेवटचा तुकडा १५ मिनिटं × १५ मिनिटांचा असतो आणि तो १:५०,००० प्रमाणावर छापतात.

अक्षरं आणि आकडे वरून खाली उतरत जातात, एक रकाना संपला की उजवीकडचा दुसरा. आपण ओळीने डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे इथे पहिल्यांदा सगळेच चुकतात. ए, बी, सी, डी हा पश्चिमेचा रकाना. ई, एफ, जी, एच हा त्याच्या शेजारचा. एफ म्हणजे १८° ते १९° उत्तर, ७३° ते ७४° पूर्व. तिच्यातल्या शेवटच्या रकान्यात १३ ते १६. पुणे शहराचा मध्यभाग ४७ एफ/१४ मध्ये पडतो, सिंहगड १५ मध्ये. कळसूबाई हवी असेल तर ४७ ई/१०.

आपल्याकडे अशी एक शीट साधारण २७.७ किमी उंच आणि २६.४ किमी रुंद प्रदेश दाखवते, म्हणजे कागदावर अंदाजे ५५ × ५३ सेमी. आणि हवी ती जागा हमखास शीटच्या कडेवर सापडते! सिंहगड ७३°४५' रेखावृत्ताला इतका खेटून आहे की गडाच्या पश्चिमेला थोडं उतरलं की शेजारची ४७ एफ/११ घ्यावी लागते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी 'ओपन सिरीज' नकाशे आले. त्यांची क्रमांकाची पद्धत आंतरराष्ट्रीय आहे आणि आपल्या भागाचे क्रमांक 'ई ४३' ने सुरू होतात. ट्रेकर्सच्या बोलण्यात मात्र अजून ४७ एफच आहे.

टोपोशीटचे रंग कसे वाचायचे?

समोच्च रेषा (एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी, जंगल हिरवं, लागवडीखालची जमीन पिवळी, वस्ती आणि रस्ते तांबडे. एवढं पाठ्यपुस्तकातही असतं.

खरा घोळ निळ्या आणि काळ्याचा. निळं म्हणजे पाणी हे सगळ्यांना ठाऊक, पण पाणी नसलेले ओढे-नाले टोपोशीटवर काळ्या रेघेने काढलेले असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे बहुतेक ओहोळ असेच काळे असतात. एप्रिल-मेमध्ये 'वाटेत तीन ओढे लागतात, पाणी भरून घेऊ' असा बेत कोणी केला असेल, तर त्या तीन रेघांचा रंग आधी बघा. काळ्या असतील तर पाणी घरूनच न्या.

आकड्यांचंही तसंच. धरणाच्या किंवा तलावाच्या बांधाशेजारी ६आर असं दिसलं तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही. बांध आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा मीटर उंच आहे, एवढंच ते सांगतं. हिला सापेक्ष उंची म्हणतात.

त्रिकोणात टिंब असलेली खूण कसली?

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या स्थानकाची. त्या जागेचं स्थान अगदी काटेकोर मोजलेलं असतं आणि शेजारी उंची लिहिलेली असते. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने आधाररेषा मोजून जे काम सुरू केलं, त्याची ही खूण. लॅम्बटन हे काम करत करत उत्तरेकडे सरकत होता आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिथे का जात नाहीत, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

समोच्च रेषा डोक्यात बसत नाहीत. त्यावरून डोंगर कसा दिसतो?

उन्हाळ्यात कुठल्याही धरणावर जा. पाणी उतरत जातं तशा काठावर एकाखाली एक रेघा उमटलेल्या दिसतात. पाण्याची पातळी सगळीकडे सारखी, म्हणून प्रत्येक रेघ एकाच उंचीची. काठाला घळ असेल तिथे रेघ आत शिरते, सोंड असेल तिथे बाहेर येते. हीच समोच्च रेषा. धरणाची पूर्ण संचय पातळी नकाशावर आखली तर ती सरळसरळ एक समोच्च रेषाच असते.

आता टोपोशीटवर या. १:५०,००० वर लगतच्या दोन रेषांत बहुधा २० मीटर उंचीचं अंतर असतं आणि दर पाचवी रेषा जाड असते. म्हणजे जाड ते जाड १०० मीटर. बारीक रेषा मोजत डोळे फोडून घेऊ नका, जाड मोजा.

मग आकार बघा. रेषा दूर दूर असतील तर पठार किंवा सौम्य उतार, दाट असतील तर खडा चढ, एकमेकींना चिकटल्या की कडा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नकाशावर असा तपकिरी पट्टाच दिसतो. रेषांना इंग्रजी व्हीसारखा बाक असेल, तर त्याचं टोक कुठे रोखलंय ते महत्त्वाचं. टोक चढाकडे असेल तर घळ किंवा नाळ, तिच्यातून ओढा वाहणार. टोक उताराकडे असेल तर सोंड. दोन शिखरांच्या बंद वर्तुळांमध्ये रेषा दोन्हीकडून चिमटल्यासारख्या झाल्या असतील तर ती खिंड, आणि जुन्या वाटा तिथूनच जातात.

उतार काढायचा असेल तर गणित सोपं आहे. समजा नकाशावर वाट ३ सेमी भरली आणि पाच जाड रेषांची मजल ओलांडली. अंतर १.५ किमी, चढ ५०० मीटर. म्हणजे तीन पावलांना एक पाऊल वर, सुमारे १८ अंश. हे सरासरीचं झालं. रेषा वाटेच्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये गर्दी करून असतील तर आधीचा रस्ता निवांत आणि शेवट छातीवर येणारा.

समोच्च रेषा काय दाखवत नाहीत, हेही माहीत हवं. २० मीटरच्या अंतरात १५ मीटरचा कातळटप्पा सहज लपतो. रेषा बघून 'इथून उतरता येईल' असं वाटलं, आणि प्रत्यक्षात पुढे सरळ तुटलेला कातळ निघाला, तर नकाशा चूक नसतो, त्याला तेवढं बारीक दाखवायचंच नव्हतं. सह्याद्रीत नकाशावर वाट दिसत नसताना केवळ उतार बघून नवी वाट शोधायला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. गावातला माणूस बरोबर घ्यावा.

नकाशावर सहाच किलोमीटर दिसतात, मग पोचायला एवढा वेळ का लागतो?

नकाशा आडवं अंतर दाखवतो, चढ नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याचा १८९२ चा एक ठोकताळा आहे: दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सहा किमी आणि ९०० मीटर चढ असेल तर १ तास १२ मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. यात थांबे धरलेले नाहीत, आणि हा हिशेब थंड हवेच्या देशातला. मार्च ते मे आपल्याकडे त्यात भरपूर भर घाला.

होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर वेगळी असते ना?

असते. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, नकाशावरची रेखावृत्तं खऱ्या उत्तरेकडे जातात. अमेरिकेच्या काही भागांत हा फरक १५ अंशांपर्यंत जातो, म्हणून तिकडची पुस्तकं आणि व्हिडिओ त्यावर अर्धा अर्धा तास खर्च करतात. महाराष्ट्रात तो एका अंशाच्या आत आहे. पायी चालणाऱ्याने तो विसरला तरी चालतो. हिमालयात किंवा परदेशात जाणार असाल तर नकाशाच्या समासात बघून घ्या.

मी नकाशावर कुठे आहे हे फोनशिवाय कसं शोधायचं?

आधी नकाशा दिशेला लावा, म्हणजे नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा. अर्धे प्रश्न इथेच सुटतात.

मग ओळखू येणारी दोन ठिकाणं निवडा. समजा तुम्ही सिंहगडाच्या डोंगररांगेवर आहात आणि दक्षिणेकडे राजगड-तोरणा दिसतायत. होकायंत्राने राजगडाचा कोन घेतला, आला २१० अंश. तोरण्याचा आला २३५. आता उलटे कोन काढा: १८० पेक्षा जास्त असेल तर १८० वजा करा, कमी असेल तर मिळवा. म्हणजे ३० आणि ५५. नकाशावर राजगडापासून ३० अंशांची आणि तोरण्यापासून ५५ अंशांची रेघ ओढा. जिथे छेदतील तिथे तुम्ही.

पण या दोन रेघांमध्ये कोन फक्त २५ अंशांचा आहे. अशा अरुंद छेदात होकायंत्र दोन अंशांनी चुकलं तरी तुमची जागा एखाद-दीड किलोमीटरने सरकू शकते. त्यापेक्षा पूर्वेकडे वळून पुरंदर घ्या, तो ११२ अंशांच्या आसपास येईल. राजगड आणि पुरंदरच्या रेघा जवळपास काटकोनात कापतात, आणि जागा नेमकी मिळते. जोडीने दिसणारे गड ओळखायला सोपे, म्हणून लोक तेच निवडतात. निवडायचे मात्र एकमेकांपासून लांबचे.

अक्षांश-रेखांश टाकले तर फोन भलतीच जागा दाखवतो. का?

बहुतेक वेळा अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत झालेली असते. १८°३०' म्हणजे १८.५ अंश, १८.३० नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. ०.२ अंशाची ही चूक जमिनीवर सुमारे २२ किमी होते, कारण अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. दुसरी चूक क्रमाची. फोनमध्ये आधी अक्षांश, मग रेखांश लिहितात. आकडे उलटे टाकले की महाराष्ट्रातला माणूस थेट आर्क्टिकमध्ये जाऊन पोचतो.

टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत. वितरणाच्या नकाशात कुठे कुठली वापरायची?

मोजता येणाऱ्या सुट्या गोष्टी, जसं पशुधन किंवा ग्रामीण लोकसंख्या, टिंबांनी. एका टिंबाची किंमत आधी ठरवायची. प्रशासकीय विभागानुसार मिळणारी आकडेवारी छटांनी, म्हणजे क्षेत्रघनी. सलग बदलत जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाऊस, तापमान, वायुभार, समान मूल्यांच्या रेषांनी.

यातली क्षेत्रघनी सगळ्यात जास्त वापरली जाते आणि सगळ्यात जास्त फसवते. वर्तमानपत्रातला 'जिल्हानिहाय पाऊस' डोळ्यांपुढे आणा. सातारा जिल्ह्याला एकच छटा. पण त्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. सरासरीची ती छटा महाबळेश्वरलाही लागू नाही आणि माणमधल्या दहिवडीलाही नाही. तोच पाऊस समपर्जन्य रेषांनी काढला तर घाटमाथ्याजवळ रेषांची दाटी होते आणि पर्जन्यछायेचा प्रदेश लगेच कळतो. दुष्काळावरच्या चर्चेत जिल्ह्याचा नकाशा दाखवणाऱ्याला तालुक्याचा मागा.

आणखी एक: छटांनी एकूण संख्या दाखवू नये, घनता किंवा टक्केवारी दाखवावी. नाहीतर आकाराने मोठा जिल्हा उगाच गडद होतो.

गाव नकाशावरून शेताची हद्द ठरवता येते का?

नाही. हे उत्तर कुणाला आवडत नाही.

गाव नकाशात गट नंबर, त्यांचे आकार, शेजारी कोण, रस्ता-ओढा कुठून जातो एवढं समजतं. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या दिसतो आणि शेजारगट ओळखायला उत्तम आहे. पण नकाशावरच्या रेघेला स्वतःची जाडी असते. १:१०,००० प्रमाणावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर होते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, साधारण दहा मीटरचा चौरस. म्हणजे नुसती रेघ गुंठ्याची अर्धी रुंदी खाते, आणि बांधाचे वाद तर हाताच्या अंतरावरून पेटतात. फोनवर उपग्रहाच्या चित्रावर गट चढवून 'बघा, तुमचा बांध आमच्यात आलाय' असं दाखवणं तर त्याहून कच्चं, कारण ती दोन चित्रं एकमेकांवर बरोबर बसलेली आहेत याची खात्री कुणी दिलेली नसते.

हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. मोजणी झाल्यावर मिळणारी 'क' प्रत हा तुमच्या कामाचा नकाशा.

गावठाणातल्या घरांचं प्रकरण निराळं. गाव नकाशात सगळं गावठाण मिळून एकच तुकडा दिसतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाचे नकाशे करून घरमालकांना सनद देतात.

जगाच्या नकाशावर दिसतं तसं ग्रीनलंड खरंच आफ्रिकेएवढं आहे?

छे. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे, आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट. १५६९ मध्ये मर्केटरने खलाशांसाठी बनवलेल्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या रीतीत) दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवांकडे जावं तसं क्षेत्रफळ फुगत जातं. गोल पृथ्वी सपाट करताना कुठेतरी ताण पडणारच. फोनमधले नकाशे याच प्रक्षेपणाच्या एका रूपावर चालतात. गाव-शहर बघायला ते झकास. देशांचे आकार त्यावरून ताडू नका, त्यासाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ खरं ठेवणाऱ्या प्रक्षेपणाचा नकाशा घ्या.

जुना नकाशा चालतो का?

डोंगरासाठी चालतो, माणसांच्या गोष्टींसाठी तपासून घ्या. समासात सर्वेक्षणाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष अशी दोन वर्षं असू शकतात. बघायचं ते सर्वेक्षणाचं. उजनी धरणाआधीच्या नकाशात भीमेकाठी पळसदेव हे नांदतं गाव आहे. आज तिथे धरणाचं पाणी आहे आणि पाणी खूप उतरलं की जुनं मंदिर वर येतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीच्या राजकीय नकाशात तो ठाण्यातच दिसणार. जुन्या नकाशात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर सापडत नाहीत म्हणून नकाशा टाकून देऊ नका. जुन्या वाटा, पाण्याची टाकी, मोडलेल्या वाड्यांची नावं बहुतेकदा त्याच्यातच मिळतात.

शाळेच्या प्रकल्पासाठी भारताचा नकाशा कुठून घ्यावा?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून. परदेशी संकेतस्थळांवरच्या नकाशांत जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचल प्रदेशाच्या सीमा अनेकदा तुटक किंवा वेगळ्या दाखवलेल्या असतात. भारताच्या सीमा अधिकृत नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा आहे. वहीत चिकटवण्यावरून पोलीस येणार नाहीत, पण शाळेचं हस्तलिखित किंवा स्मरणिका छापताना काळजी घ्या.

होकायंत्र कुठलं घ्यावं?

पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, फिरणारी अंशांची तबकडी असलेलं. किल्ल्यावरच्या दुकानात किचेनला लटकणारं नको. वापरताना फोन, चाकू, स्पीकर आणि चुंबकाच्या बटणाचं फोन-कव्हर हातभर लांब ठेवा. जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून होकायंत्र ठेवणारे हमखास भेटतात, त्यांची सुई कुठेही वळलेली असू शकते.